आईचे दोन मणके दबलेत: वर्षाचं सलाईन, रोजचं इंजेक्शन की सहा महिन्यांचं?

कृष्णाकाठ | ३ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण अर्धवट माहिती दिली तर तुम्हालाच उलटे प्रश्न विचारावे लागतील.

आई ७१ वर्षांची. वाईला एकटी राहते, मी पुण्यात. गेल्या महिन्यात ओट्याखालचा गव्हाचा डबा ओढताना तिच्या पाठीत कळ आली. पडली नाही, घसरली नाही, नुसती वाकली. आठवडाभर बाम आणि शेक झाला. मग एक्स-रे काढला तर दोन मणके दबलेले, पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला. डेक्सा केली, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, मणक्यात उणे ३.९ आणि खुब्यात उणे ३.१. दोन-तीन वर्षांपासून ती म्हणत होती, "हल्ली साड्या पायात येतात गं." मला वाटायचं नेसायचा कंटाळा येत असेल. उंची कमी होत होती तिची, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. याचं फार वाईट वाटतंय.

आता औषधाचं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन घ्या. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, सांगितलं, आधी दोन वर्षं रोज टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन घ्या, सलाईन नंतर. शेजारच्या काकू दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब घेतात आणि एकदम ठणठणीत आहेत. शिवाय अमेरिकेतली मामेबहीण म्हणते, तिकडे याहून नवीन औषध आलंय.

किडनीचं क्रिएटिनिन नॉर्मल आहे. शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. व्हिटॅमिन डी ११, म्हणजे फारच कमी निघालं. एक दाढ किडलेली आहे, ती काढायचं वर्षभर चाललंय. पूर्वी वर्षभर अ‍ॅलेंड्रोनेटची हाडांसाठीची आठवड्याची गोळी घेत होती, पण ॲसिडिटी व्हायला लागली म्हणून सोडली.

रोजचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज चार-चार तास जाते. आणि आई स्वतःला टोचून घेईल का, हाही प्रश्न आहे. इथलं वाचून मी परस्पर काही सुरू करणार नाही. डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत, एवढंच हवंय.

गोदातीर | ३ जून, रात्री १०:५२

सासूबाईंचे झोलेड्रोनिकचे तीन डोस झाले, तीन वर्षांत तीन. हॉस्पिटलमध्ये तासाभराचं काम. सलाईन पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात सोडायचं नसतं, आमच्याकडे अर्धा तास लावतात. पहिल्या खेपेला रात्री १०२ ताप आला, अंग असं ठणकलं की आम्हाला चिकुनगुनियाच वाटला. दोन दिवसांत उतरला. दुसऱ्या वर्षी काहीच झालं नाही. आदल्या दिवशी भरपूर पाणी पाजा आणि पॅरासिटामॉल हाताशी ठेवा. वर्षभर काही लक्षात ठेवावं लागत नाही, हे एकट्या राहणाऱ्या माणसासाठी फार मोठं सुख आहे. माझं मत सलाईनला.

तांबडा_पांढरा | ३ जून, रात्री ११:२०

कृष्णाकाठ, साडीचं लिहिलंत ते लागलं. उद्याच आमच्या आत्याला भिंतीशी उभं करून उंची मोजतो.

नाचणीसत्त्व | ४ जून, सकाळी ७:०५

मी वेगळं बोलणार, राग मानू नका. आपल्या आज्यांनी कुठली इंजेक्शनं घेतली होती? शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०. वर तीळ, शेवगा, राजगिरा. सकाळी अंगणात ऊन खायचं. आधी सहा महिने हे करून बघा. या औषधांनी जबड्याचं हाड कुजतं आणि मांडीचं हाड मोडतं, असं मी खुद्द पेशंटच्या नातेवाइकांकडून ऐकलंय.

मिरजकर_एमडी | ४ जून, सकाळी ९:३०

फिजिशियन आहे. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

नाचणीसत्त्व, नाचणी हवीच. दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं आणि ते जेवणातून गेलं तर उत्तमच. पण घर बांधायला विटा लागतात हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की विटांचा ढीग आणून टाकला म्हणून भिंत उभी राहत नाही. नुसतं वाकून दोन मणके दबले आणि टी-स्कोअर उणे ३.९, याला आम्ही तीव्र ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा तीव्र ठिसूळपणा म्हणतो. अशा पेशंटचा पुढचा मणका दबण्याचा धोका पहिल्या वर्षा-दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो. तेव्हा सहा महिने वाट बघायला सांगू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

आता औषधांचं. हाडात दोन प्रकारचे कामगार असतात, जुनं पाडणारे आणि नवं बांधणारे. म्हातारपणी पाडणारे पुढे जातात. अ‍ॅलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, झोलेड्रोनिक आणि डेनोसुमॅब ही सगळी पाडणाऱ्यांचा हात धरतात. टेरिपॅराटाइड बांधणाऱ्यांना कामाला लावतं. अमेरिकेतलं नवीन औषध म्हणजे रोमोसोझुमॅब असणार. ते बांधकाम वाढवतं आणि पाडकामही थोडं आवरतं.

आकडे सांगतो, कारण नातेवाईक तेच विचारतात. झोलेड्रोनिकच्या २००७ सालच्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याची नवी फ्रॅक्चर ७० टक्के आणि खुब्याची ४१ टक्के कमी झाली. डेनोसुमॅबचे २००९ सालचे आकडे जवळपास तसेच, ६८ आणि ४०. टेरिपॅराटाइडच्या २००१ च्या चाचणीत मणक्याची फ्रॅक्चर ६५ टक्के कमी झाली. पण हे सगळे आकडे प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ डोसशी तुलना करून काढलेले आहेत. तुमच्या आईंसारख्या, मणके आधीच दबलेल्या बायकांमध्ये दोन खऱ्या औषधांची थेट तुलना २०१८ मध्ये छापून आली. दोन वर्षांत रिसेड्रोनेटची गोळी घेणाऱ्या १२ टक्के बायकांचा नवा मणका दबला. टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत हेच प्रमाण ५.४ टक्के होतं. एंडोक्रायनॉलॉजिस्ट "आधी बांधा" म्हणतात ते यामुळे.

आधीची गोळी "लागू पडली नाही" असं धरण्याआधी आईंना विचारा, ती कशी घेत होत्या?

कृष्णाकाठ | ४ जून, दुपारी १:१०

डॉक्टर, आत्ताच फोन करून विचारलं. रविवारी सकाळी चहाबरोबर घ्यायची आणि परत जाऊन पडायची!

मिरजकर_एमडी | ४ जून, दुपारी १:४०

मग ती पोटात गेली, हाडापर्यंत पोचलीच नाही. ही गोळी अनशेपोटी घेतली तरी एक टक्काही शोषली जात नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलाही साठ टक्के भाग वाया जातो. चहाचंही तेच धरून चला. उठल्याउठल्या पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. आडवं झालं की गोळी अन्ननलिकेला चिकटून जळजळते, आईंची ॲसिडिटी बहुधा तीच. यात आईंची चूक नाही. हे त्यांना बसवून सांगायला हवं होतं.

सह्यकडा | ४ जून, दुपारी ४:०५

"हा बायकांचा आजार" म्हणून आमच्या वडिलांकडे कुणी बघितलंच नाही. गुडघेदुखीवर एका वैद्याकडून पुडी आणायचे. नाव लिहीत नाही. दोन दिवसांत दुखणं गायब व्हायचं म्हणून गावभर त्याची ख्याती. चार वर्षं पुडी खाल्ली. चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, कातडी पातळ झाली, हलकं खरचटलं तरी काळंनिळं. ६८ व्या वर्षी अंगणात बसल्या जागेवरून उठताना खुबा मोडला. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी पुडीचं ऐकलं आणि म्हणाले, यात स्टेरॉइड असणार. स्टेरॉइड तीन महिने पोटात गेलं तरी हाडं झिजायला लागतात, इथे चार वर्षं. त्यात भर म्हणजे पुडी एकदम बंद करायची नसते, तेही घातक. डॉक्टरांनी स्टेरॉइडचीच गोळी सुरू करून हळूहळू उतरवत नेली.

कृष्णाकाठ, तुमची आई असलं काही घेत नाही ना, तेवढं बघा.

मिरजकर_एमडी | ४ जून, संध्याकाळी ६:२०

सह्यकडांनी मोलाचं सांगितलं. औषध ठरवण्याआधी कारण शोधायचं. रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड, सीबीसी आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. शेवटची तपासणी मायलोमासाठी. तो रक्ताचा कॅन्सर, आणि त्यातही मणके असेच दबतात. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण न तपासता टेरिपॅराटाइड सुरू करू नये. हाडाचा कॅन्सर, हाडावर घेतलेलं रेडिएशन, कॅल्शियम वाढलेलं असणं, यात ते देत नाहीत.

पूर्वीची_मी | ४ जून, रात्री ९:४४

रेडिएशनचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मला २०१७ ला स्तनाचा कॅन्सर झाला. रेडिएशन झालं, मग पाच वर्षं लेट्रोझोल. ही गोळी शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही काढून घेते, त्यामुळे हाडं झपाट्याने पातळ होतात. हाडं बांधणारं इंजेक्शन मला नाहीच म्हणाले, रेडिएशनमुळे. झोलेड्रोनिक चालू आहे. माझ्यापुढे एकच दार होतं, त्यामुळे निवडीचा घोळ झाला नाही. तुमच्यापुढे तीन दारं आहेत म्हणून घालमेल होतेय, पण कृष्णाकाठ, तीन दारं उघडी असणं चांगलंच आहे.

एक सावधगिरी. झोलेड्रोनिकची ४ मिलिग्रॅमची बाटली कॅन्सरसाठी असते आणि ५ ची ऑस्टिओपोरोसिससाठी. तसंच डेनोसुमॅब हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी १२० चं, ठिसूळपणासाठी ६० चं. मेडिकलवाल्याकडून घेताना चिठ्ठी आणि खोका दोन्ही वाचा.

ठाणे_पूर्व | ५ जून, सकाळी ८:१५

डेनोसुमॅबवाल्या काकू ठणठणीत आहेत हे वाचून आनंद झाला, पण मला आमच्या घरात काय झालं ते सांगायलाच हवं.

माझ्या सासूबाईंना २०१८ पासून डेनोसुमॅब चालू होतं. उत्तम चाललं होतं, टी-स्कोअर सुधारत होता. पुढचा डोस एप्रिल २०२० मध्ये होता. लॉकडाउन. वय ७४, कोण हॉस्पिटलात नेणार? आम्ही म्हटलं, दोन-चार महिने इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं, बीपीच्या गोळीचा खाडा थोडाच आहे. ऑगस्टमध्ये पाठ धरली. एमआरआयमध्ये एकदम तीन मणके दबलेले. पडल्या नव्हत्या, काही उचललं नव्हतं.

नंतर कळलं की हे औषध हाडात साठून राहत नाही. परिणाम ओसरला की पाडणारे कामगार दुप्पट जोमाने सुटतात. शेवटच्या इंजेक्शननंतर सातवा महिना उलटला की धोका वाढायला लागतो. सुरू करताना "थांबवायचं झालं तर काय" हे कुणीही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. सासूबाई आज कुबड घेऊन चालतात. ते बघितलं की प्रत्येक वेळी तो एप्रिल आठवतो.

औषध वाईट नाही. तारीख चुकवायची नाही आणि बंद करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून त्यामागे लगेच दुसरं औषध घ्यायचं. शेजारच्या काकूंना हे माहीत आहे का, तेवढं आजच विचारा.

कृष्णाकाठ | ५ जून, सकाळी ८:५०

ठाणे_पूर्व, वाचून सुन्न झाले. काकूंकडे आई आत्ता दुधाचं पातेलं द्यायच्या निमित्ताने जातेय. विचारायला सांगितलंय.

गोदातीर | ५ जून, सकाळी ११:००

म्हणूनच मी सलाईन म्हणतेय. झोलेड्रोनिक हाडाला चिकटून राहतं, पुढचा डोस दोन महिने लांबला तरी आभाळ कोसळत नाही.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न. खुब्याचं काय? म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं ते खुब्याने. झोलेड्रोनिकचे खुब्याचे आकडे तुम्हीच दिलेत, टेरिपॅराटाइडचा फक्त मणक्याचा दिलात. रोज एक याप्रमाणे दोन वर्षांत ७३० इंजेक्शनं टोचायची आणि खुब्याची खात्री नाही?

मिरजकर_एमडी | ५ जून, दुपारी २:३०

गोदातीर, नेमकं बोट ठेवलंत. त्या चाचणीत खुब्याची फ्रॅक्चर इतकी थोडी झाली की त्यावरून काही ठरवता आलं नाही. नंतर बऱ्याच चाचण्या एकत्र करून हिशेब केला तेव्हा खुब्यालाही फायदा दिसला, पण झोलेड्रोनिकइतका सरळ पुरावा तो नाही. म्हणूनच टेरिपॅराटाइड एकटं द्यायचं नसतं. दोन वर्षांत जे बांधलं ते नंतर झोलेड्रोनिकने किंवा तशाच औषधाने पक्कं करायचं. टेरिपॅराटाइड संपवून तसंच सोडलं तर बांधलेलं वर्षभरात ओसरायला लागतं. सगळा खर्च आणि सगळं टोचणं पाण्यात.

त्यामुळे "यातलं कोणतं" असा प्रश्न करू नका. "कोणतं आधी, कोणतं नंतर" असा करा. उलटा क्रम घातला की काय होतं तेही सांगतो. आधी डेनोसुमॅब आणि ते थांबवून टेरिपॅराटाइड, असं केलेल्या बायकांची हाडं, विशेषतः खुब्याची, काही काळ आणखी पातळ झालेली २०१५ मध्ये नोंदवली आहेत. औषधं तीच, फक्त क्रम फिरला.

पण रोजचं इंजेक्शन घेणं ज्यांना खरंच जमणार नाही, त्यांना झोलेड्रोनिक देताना मी मुळीच कचरत नाही. फ्रीजमध्ये पडून राहिलेलं पेन कुणाचं हाड वाचवत नाही.

दंतमंजिरी | ५ जून, दुपारी ४:१२

दातांची डॉक्टर. जबड्याचं हाड कुजण्याबद्दल नाचणीसत्त्व यांनी लिहिलंय. ते होतं, खोटं नाही. पण कॅन्सरच्या पेशंटना हीच औषधं दर महिन्याला मोठ्या मात्रेत देतात, बहुतेक ऐकलेल्या गोष्टी तिथल्या असतात. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हे वर्षाला दहा हजारांत एकाला किंवा त्याहूनही कमी. मी त्याला घाबरत नाही, पण तयारी मात्र करते.

कृष्णाकाठ, ती किडलेली दाढ आधी काढा. हिरडी भरू द्या, साधारण दीड-दोन महिने, मगच सलाईन. टेरिपॅराटाइडला हा धोका जोडलेला नाही, तेव्हा ते आधी घेणार असाल तर दातांसाठी भरपूर सवड मिळते. आईंना कवळी आहे का? खालची कवळी टोचत असेल तर तीही नीट करून घ्या. रोज घासून झालेल्या जखमेतूनही सुरुवात होऊ शकते.

तांबडा_पांढरा | ५ जून, संध्याकाळी ५:३०

आत्याची उंची मोजली. पासपोर्टासाठी २००४ ला मोजली होती त्यापेक्षा साडेचार सेंटिमीटर कमी. ती भिंतीला टेकून म्हणते, "मी तेवढीच आहे, भिंत वाढली असंल." सगळे हसलो, पण सोमवारी एक्स-रे ला नेतोय.

मिरजकर_एमडी | ५ जून, संध्याकाळी ६:००

चार सेंटिमीटरच्या वर म्हणजे मणके बघायलाच हवेत. न दुखता दबलेले मणके भरपूर असतात. न्याच.

एडिसनकर | ६ जून, पहाटे ५:२०

मामेबहीण मी नव्हे, पण ते "नवीन औषध" मी स्वतः घेतलंय. वय ६६, न्यू जर्सी. रोमोसोझुमॅब अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये मान्य झालं. महिन्यातून एकदा, एकाच दिवशी दोन इंजेक्शनं, असे बारा महिने. घरी नाही, दवाखान्यात. बारा महिने संपले की पाडकाम थांबवणारं औषध लगेच. मला झोलेड्रोनिक दिलं.

२०१७ च्या चाचणीत आधी रोमोसोझुमॅब आणि मग अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांत, नुसतं अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांपेक्षा मणक्याची फ्रॅक्चर ४८ टक्के आणि खुब्याची ३८ टक्के कमी होती. पण पहिल्या वर्षी हृदयाचे गंभीर त्रास थोडे जास्त निघाले, २.५ टक्के विरुद्ध १.९. त्यामुळे औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत इशारा आहे की वर्षभरात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर द्यायचं नाही. माझ्या कार्डिओलॉजिस्टची सही आल्यावरच सुरू केलं.

इन्शुरन्सने दोनदा नाकारलं, तिसऱ्यांदा अपिलात दिलं. खिशातून भरण्यासारखी ही रक्कमच नाही. इकडे टेरिपॅराटाइडसुद्धा भयंकर महाग. तुमच्याकडे भारतीय कंपन्यांचं मिळतं, ते मोठं नशीब समजा. नवीन आहे म्हणून त्याच्या मागे धावू नका, आईच्या घराजवळ जे वेळेवर मिळेल ते बघा.

कोकणची_वाट | ६ जून, सकाळी ९:१०

फ्रीजच्या प्रश्नावर. आमच्याकडे लाईट गेली की वडिलांचं इन्शुलिन माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवतो. तसं चालेल की.

मिरजकर_एमडी | ६ जून, सकाळी ९:४५

वापरातल्या इन्शुलिनला चालतं, याला नको. टेरिपॅराटाइडचं पेन २ ते ८ अंशांत लागतं, वापर सुरू झाल्यावरही. टोचायला काढायचं, टोचायचं, टोपण लावून लगेच आत. गोठलं तर फेकायचं, म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. चार तास वीज गेली आणि फ्रीज उघडला नाही तर आतला गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ जात असेल तर थंड पिशवी घ्या, पण बर्फाची थैली आणि पेन यांच्यामध्ये कापड हवं. पेन २८ दिवसांचं. औषध उरलं तरी टाकून द्यायचं.

पहिले काही दिवस रात्री, पलंगावर बसून घ्यायला सांगा. काहींना टोचल्यावर चक्कर येते.

पहिलं_पाऊल | ६ जून, दुपारी १२:३०

फिजिओथेरपिस्ट. इतकी चर्चा झाली पण गव्हाच्या डब्याकडे कुणी वळलं नाही! तो डबा ओट्याखालून आजच हलवा. कमरेच्या उंचीवर आणा किंवा दोन-दोन किलोच्या बरण्या करा. पुढे वाकून उचलणं बंद. सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, पोटाच्या उठाबशा बंद. दबलेल्या मणक्याला पुढचा बाक सगळ्यात वाईट. खाली वाकायचं असेल तर पाठ सरळ ठेवून, खुब्यातून आणि गुडघ्यातून. पट्टा दिवसरात्र बांधून ठेवू नका, पाठीचे स्नायू आळसावतात.

आणि घर बघा. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री संडासपर्यंत मंद दिवा, दारातलं घसरणारं पायपुसणं काढून टाका. झोपेची गोळी असेल तर डॉक्टरांना सांगा. इंजेक्शन हाड मजबूत करेल, पडण्यापासून वाचवणार नाही.

नाचणीसत्त्व | ६ जून, दुपारी ३:००

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. ठाणे_पूर्व यांचा वाचून मलाही वाईट वाटलं. माझा "सहा महिने थांबा" हा सल्ला मी मागे घेते. नाचणीचा घेत नाही. पण मांडीचं हाड मोडतं त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

मिरजकर_एमडी | ६ जून, रात्री ८:१५

नाचणीचा मागे घेऊ नकाच. मांडीच्या हाडाचं असं की पाडकाम फार वर्षं बंद ठेवलं तर हाडातल्या बारीक चिरा बुजवण्याचं कामही थंडावतं. क्वचित मांडीचं हाड मधोमध आडवं तडकतं. आधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत ठणक लागते. ती लागली तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायचा. यासाठीच गोळी पाच वर्षांनी आणि सलाईन तीन वर्षांनी थांबवता येईल का ते बघतात. धोका जास्त असेल तर गोळी दहापर्यंत, सलाईन सहापर्यंत चालवतात. ही सुट्टी गोळीला आणि सलाईनला आहे, डेनोसुमॅबला नाही. सुट्टीची गोष्ट अर्धवट ऐकून डेनोसुमॅब थांबवणारे मी पाहिलेत. जी फ्रॅक्चर ही औषधं टाळतात, त्यांच्यापुढे हा धोका फार लहान आहे.

व्हिटॅमिन डी ११ वर सलाईन किंवा डेनोसुमॅब देऊ नये, रक्तातलं कॅल्शियम घसरतं. आधी ते भरून काढायचं. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, तीही डॉक्टर सांगतील तशी. रोज नाही! रोज घेऊन किडनी बिघडलेले पेशंट दर वर्षी येतात.

कृष्णाकाठ | २१ जून, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय, मध्ये धावपळ होती. मायलोमाच्या तपासणीत काही नाही, पॅराथायरॉइड ठीक. दाढ काढली. व्हिटॅमिन डीच्या पुड्या सुरू आहेत.

दोन्ही डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारला, "हे संपल्यावर काय?" हाडांचे डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "रोजचं इंजेक्शन तुमच्या आई घेतील याची खात्री नव्हती म्हणून मी सलाईन म्हटलं. घेणार असतील तर ते आधी." म्हणजे दोघांचं भांडण नव्हतंच. एकाने हाडं बघितली, दुसऱ्याने एकटी राहणारी बाई बघितली.

मग मी आईलाच विचारलं. मी इतके दिवस सगळ्यांना विचारत होते, तिला सोडून. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना सहा वर्षं इन्शुलिन मीच टोचलं. मला काय शिकवतेस?"

टेरिपॅराटाइड ठरलं. खर्च महिन्याला काही हजारांचा आहे, भाऊ आणि मी वाटून घेतोय. शेजारच्या काकूंनी कॅलेंडर काढलं तर त्यांचा डोस तीन आठवड्यांपूर्वीच होऊन जायला हवा होता. त्यांचा मुलगा दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला घेऊन गेला. ठाणे_पूर्व, हे तुमच्यामुळे.

ठाणे_पूर्व | २१ जून, रात्री ९:४१

डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं.

गोदातीर | २१ जून, रात्री १०:०५

आईंनी टोचायचं म्हटलंय तर माझा विरोध संपला. सलाईनची पाळी येईल तेव्हा मला विचारा, तापाच्या रात्री काय करायचं ते सगळं सांगेन.

तांबडा_पांढरा | २२ जून, सकाळी ८:००

आत्याचा एक मणका दबलेला निघाला. डेक्सा पुढच्या आठवड्यात. मी हा धागा छापून घेतलाय.

कृष्णाकाठ | १४ जुलै, रात्री ८:५०

पहिलं पेन संपत आलं. पहिल्या आठवड्यात दोनदा गरगरलं, एकदा पोटरीत गोळा आला, आता काही नाही. वीज दोनदा गेली, फ्रीज उघडला नाही. गव्हाच्या तीन बरण्या ओट्यावर आल्यात. वापरलेल्या सुया ती जाड झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकते, डबा भरला की दवाखान्यात द्यायचा.

काल गेले तर भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या तारखेवर पेन्सिलीची बारीक खूण होती. दोन वर्षांनंतरचं कालनिर्णय अजून छापलेलंच नाही, म्हणून तिने याच्याच शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात महिना आणि साल लिहून ठेवलंय, आणि त्यापुढे: "टोचणं संपणार. सलाईन लगेच. विसरायचं नाही."